कर्णिक पंप आणि नऊ दिवसांचं तेल

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत चिंतामणी कर्णिक याने १९८५ साली एक पंप शोधून काढला. तो पंप जगात निघून तेव्हा शंभराहून जास्त वर्षं झाली होती, पण ही बातमी चिंतामणीपर्यंत पोचली नव्हती, आणि चिंतामणीला जे ठाऊक नाही ते जगात नाही, असा त्या काळी त्याचा ठाम समज होता. आता तो स्वतःच ही हकीकत सांगतो, आणि सांगताना स्वतःच्याच कानाखाली वाजवत सांगतो. ऐकणाऱ्याला हसू आलं तर त्याची हरकत नसते. शेवटी शेवटी मात्र तो जरा अडखळतो.

रंगांना लागणारी रसायनं बनवणाऱ्या एका मध्यम कारखान्यात तो मेंटेनन्सचा सुपरवायझर होता. बदलापूर पूर्वेला, कात्रपमध्ये दोन खोल्यांचा फ्लॅट, घरी बायको कुंदा, आणि शर्टाच्या खिशात तीन पेनं, त्यांतलं एक म्हणजे बारका स्क्रूड्रायव्हर. एखादं मशीन कुरकुरलं की चिंतामणी त्याच्या बेअरिंगला मोठा स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. बरेचदा त्याला काहीच ऐकू यायचं नाही. पण डोळे मिटल्यामुळे कामगारांवर वजन पडायचं, आणि तेवढ्या वेळात काहीतरी सुचायचंही. घरी मिक्सर बिघडला तेव्हा त्याने हाच प्रयोग केला होता. कुंदाने शांतपणे जाऊन फ्यूज बदलला होता.

कारखान्यात सगळी मशीनं त्याच्या मुठीत होती, एक सोडून. मागच्या अंगाला एक खड्डा होता. दिवसभरातलं आंबट सांडपाणी, म्हणजे पातळ झालेलं ॲसिड आणि त्यात बारीक गाळ, त्या खड्ड्यात जमायचं. तिथून ते चुन्याच्या टाकीत चढवायचं, आंबटपणा मारायचा आणि मग पुढे सोडायचं. चढवायला पंप होता, पण ॲसिड त्याचा पंखा खायचं आणि गाळ त्याचं सील खायचा. दर पंधरवड्याला पंप उघडला जायचा. चिंतामणीने पंखा बदलला, धातू बदलला, पंप बदलला. ॲसिडला सगळंच रुचत होतं. मॅनेजर शरदचंद्र हे अबोल गृहस्थ. ते खड्ड्यापाशी येत, गळता पंप बघत, मग चिंतामणीकडे बघत आणि परत जात. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं, असं चिंतामणीला वाटायचं.

पंप उघडा पडला की खड्डा बादल्यांनी उपसावा लागे, आणि ते काम कंत्राटी कामगारांच्या अंगावर येई. त्यांत एक पदू होता. बारवी धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराला चिकटून एक पाडा आहे, तिथला. पावसाळ्यात भाताची लावणी, एरवी जंगलातलं मिळेल ते काम, आणि गेली चार वर्षं हा कारखाना. सडसडीत बांधा, बोलणं कमी, आणि विचारलं तर खरं तेच सांगायचं ही एक वाईट खोड. परमनंट व्हावं एवढी एकच इच्छा त्याने बायकोपाशी, म्हणजे चंद्रीपाशी, आणि एकदा चिंतामणीपाशी बोलून दाखवली होती. परमनंट माणसाला रोज काम असतं, कंत्राटी माणसाला रोज गेटावर उभं राहून वाट बघायची असते, एवढाच फरक. पण तो फरक ज्याला कळतो त्यालाच कळतो.

एका दुपारी चिंतामणी खड्ड्यापाशी पोचला तेव्हा पदू एक जाड रबरी नळी रिकामी करत होता. नळीचं एक टोक खड्ड्यात, बाकीची जमिनीवर आडवी. ॲसिडला हात लागू नये म्हणून पदूने गमबूटाची टाच नळीवर रोवली होती आणि तो टाच तशीच दाबून घसटत पुढे चालला होता. टाचेपुढचं पाणी दुसऱ्या टोकातून भसकन बादलीत पडत होतं. आणि टाच पुढे गेली की मागची चपटी झालेली नळी फुगून वर येत होती, आणि फुगता फुगता खड्ड्यातलं नवं पाणी ओढून घेत होती. नळी रिकामी होण्याऐवजी बादली भरत चालली होती.

"सायेब," पदू म्हणाला, "मी पाय उचलला का पानी मागं जातो. पन मी उचलायच्या आदी बबननं मागं पाय रोवला, न् आमी असं एकामागं एक चालत रायलो, त पानी थांबाचाच नाय."

बबन हा दुसरा कंत्राटी कामगार. त्याला हाक मारली गेली. दोघे नळीवरून एकामागे एक घसटत चालले, टोकाला पोचलेला गिरकी घेऊन पुन्हा मागे येऊन उभा राहू लागला, आणि पाच मिनिटांत दोन बादल्या भरल्या. दोघेही हसत होते. चिंतामणी हसला नाही. त्याने डोळे मिटले. या खेपेला त्याला खरंच काहीतरी ऐकू आलं होतं.

पुढचे तीन आठवडे त्याने उल्हासनगरच्या भंगाराच्या दुकानांत आणि वर्कशॉपमध्ये घातले. लोखंडी पट्टीचा घोड्याच्या नालेसारखा अर्धगोल केला, त्याच्या आतल्या बाजूने नळी बसवली, आणि मधोमध एक फिरतं चाक लावून त्याला तीन रोलर जोडले. चाक फिरलं की एकेक रोलर नळी पार चपटी करत पुढे सरकायचा. पहिला रोलर नळी सोडायच्या आधी दुसरा तिला दाबून बसलेला असायचा. पदू आणि बबन यांच्या टाचाच त्या. उल्हासनगरच्याच कॅम्प एकमध्ये नळी घ्यायला गेला तेव्हा दुकानातल्या सिंधी शेठने विचारलं, "साईं, पानी खींचना है कि ज़हर?" चिंतामणी म्हणाला, "दोन्ही." शेठने मग आतली, जाडजूड नैसर्गिक रबराची नळी काढून दिली.

पंप पहिल्या दिवसापासून चालला. लहान मुलं ती लांब पिशवीतली थंडगार पेप्सी खाताना बोटांच्या चिमटीने खालचं वर ढकलतात, तसा हा पंप ॲसिड ढकलत होता. ॲसिडला खायला आता काही उरलंच नव्हतं: ना पंखा, ना सील. त्याचा संबंध फक्त नळीच्या आतल्या अंगाशी, आणि रबराला ते पातळ ॲसिड काही करत नव्हतं. गाळ आला तर गाळही पुढे जाई. खड्डा कोरडा पडला तरी पंप बिचारा रिकामाच फिरत राही, जळत नसे. आणि एका फेऱ्याला किती पाणी जातं ते एकदा मोजलं की फेरे मोजून काम भागत होतं. त्याच्यात एकच दुखणं, की नळी दाबून दाबून थकायची. पण नळी बदलायला अर्धा तास पुरे होता.

शरदचंद्र आले, पंपाकडे बघितलं, चिंतामणीकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच बोलले. "वा," ते म्हणाले.

त्या वर्षी कारखान्याच्या वर्धापनदिनाला चिंतामणीला सर्वोत्तम सूचनेचं प्रशस्तिपत्र आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. मांडव, खुर्च्या, समोर सगळे कामगार. शरदचंद्रांनी माईक पुढे केला आणि विचारलं, "कर्णिक, ही कल्पना सुचली कशी?"

चिंतामणी शपथेवर सांगतो की पदूचं नाव त्याच्या जिभेवर आलं होतं. समोर शेवटच्या रांगेच्या मागे पदू उभाच होता. पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, अशी जी जीभ आयुष्यभर वळवळली, ती नेमकी तेव्हा शहाणी झाली. "विचार करता करता," चिंतामणी म्हणाला, "एकदम डोळ्यांपुढे आलं." टाळ्या पडल्या. पदूनेही वाजवल्या. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो निदान फणा काढून गप्प बसतो. चिंतामणीने उल्हासनगरात जाऊन पितळी पाटी कोरून आणली. 'कर्णिक पंप'. चार स्क्रू मारून ती पंपावर बसवली, आणि रोज येता जाता तिच्यावरची धूळ फुंकरीने उडवू लागला. धूळ नसली तरी फुंकर मारायचा.

पुढचं वर्ष १९८६. नवरात्र आलं. कारखान्यात खंडेनवमीला मशीनांची पूजा होते; सगळी मशीनं धुवायची, तेलपाणी करायचं, हळदकुंकू, झेंडूच्या माळा, आणि त्या दिवशी घरच्या माणसांनाही आत यायची मुभा असते. चिंतामणीच्या मनात आलं की आपल्या पंपाची सेवा एका दिवसावर भागवणं बरं नाही. घटावर रोज एक माळ चढते, तसं आपल्या पंपाला रोज एक तेलाचं फडकं. घटस्थापनेपासून रोज सकाळी तो मशीन ऑइलमध्ये फडकं बुडवून ती काळी नळी वरून खालून अशी पुसू लागला, की कुंदाने बघितलं असतं तर म्हणाली असती, माझ्या डोक्याला कधी एवढं तेल लावलं नाहीत.

तिसऱ्या दिवशी पदूने बघितलं. "सायेब, रबराला तेल नका लावू," तो म्हणाला. "रबर फुगतो न् ढिला पडतो. गलोलीच्या रबराला तेलाचा हात लागला का गलोल गेलीच समजा."

"अरे, तेलाशिवाय मशीन असतं का कुठे?" चिंतामणी म्हणाला. "डिप्लोमा मी केलाय की तू?"

डिप्लोमा पदूने केलेला नव्हता, हे खरंच होतं.

खंडेनवमीला चिंतामणीने नवी क्रीम रंगाची टेरिकॉटची पँट घातली. कुंदा आली होती. शरदचंद्रांनी नारळ फोडला, आणि पाहुण्यांना कर्णिक पंपाचं प्रात्यक्षिक दाखवायचं ठरलं. चिंतामणीने बटण दाबलं आणि समजावून सांगायला पंपाशेजारी उभा राहिला. नऊ दिवसांचं तेल पिऊन नळी बाळसं धरल्यासारखी दिसत होती. रोलर तिच्यावरून गेला, पुढे एक फुगा आला, फुगा मोठा झाला, आणि "यात विशेष म्हणजे गळती अजिबात..." इथपर्यंत चिंतामणी पोचला असताना नळी फुटली.

नशिबाने सगळा फवारा एकट्या चिंतामणीने झेलला, तोही कमरेखाली. पदूने बटण बंद केलं आणि बादलीभर पाणी त्याच्या पायांवर ओतलं, पाठोपाठ दुसरी. कातडीला काही झालं नाही. पँटही तेव्हा धड दिसत होती. ती पुढच्या धुण्यात बोलली. कुंदाने दोरीवर टाकायला ती झटकली आणि मांडीजवळून आरपार समोरची बिल्डिंग दिसली. ॲसिडने सुताचा धागा तेवढा खाल्ला होता आणि वरचं जाळं तसंच ठेवलं होतं. "अहो, टेरी राहिलंय," कुंदा म्हणाली, "कॉटन गेलं." ती पँट तिने पुढे दोन वर्षं डाळ-तांदूळ चाळायला वापरली, असं चिंतामणी सांगतो. कुंदा म्हणते, हे खोटं आहे, पीठ चाळायला वापरली.

इथपर्यंत ऐकणारे पोट धरून हसतात, आणि चिंतामणीही हसतो. यापुढचं तो हळू सांगतो.

नवी नळी बसली. पदूने सुचवलं म्हणून तिला तेलाऐवजी साबणाचं पाणी लावलं, आणि ती टिकली. आठवड्याने शरदचंद्रांनी चिंतामणीला केबिनमध्ये बोलावलं. "या पंपाला एक कायमचा माणूस हवा," ते म्हणाले. "ज्याला तो कळतो असा. एक परमनंट जागा मी मंजूर करून घेतली आहे. कंत्राटी पोरांतलं एक नाव द्या. त्याच्याशी मी जरा सविस्तर बोलणार आहे, पंप कसा चालतो, काय काय होतं, सगळं त्याच्याच तोंडून ऐकायचंय."

शेवटचं वाक्य बोलले नसते तर चिंतामणीने पदूचंच नाव लिहिलं असतं. तसं त्याने ठरवलंच होतं. मनातल्या मनात त्याने पदूची परतफेडही करून टाकली होती. पण पदू आणि शरदचंद्र समोरासमोर बसलेत, शरदचंद्र विचारतायत, हे सुचलं कसं, आणि खोटं बोलायची सवय नसलेला पदू सांगतोय, "सायेब, मी नळीवर पाय ठेवलता," हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे आलं. त्या वर्धापनदिनी आलं नव्हतं तेवढं स्पष्ट आलं. बबनलाही खरं माहीत होतं. पण बबन हुशार होता. ज्याच्यामुळे नोकरी लागली त्याच्याविषयी काय बोलायचं आणि काय नाही ते त्याला सांगावं लागलं नसतं.

चिंतामणीने कागदावर बबनचं नाव लिहिलं. कागद दुमडला आणि देऊन आला. एवढंच.

दुसऱ्या दिवशी पदू चिंतामणीच्या केबिनबाहेर उभा होता. तो काही विचारायला आला असेल असं वाटून चिंतामणीने घाईघाईने फोन उचलला आणि कुणाचाही फोन नसताना दहा मिनिटं बोलत राहिला. पदू उभा राहिला, मग गेला. पुढच्या पावसाळ्यात तो लावणीला म्हणून गेला तो परत आलाच नाही. कंत्राटदार बदलला होता, नवी माणसं आली होती. चिंतामणीला चुटपुट लागली, पण चुटपुट म्हणजे काही ॲसिड नव्हे. तिच्यासकट माणूस रोज डबा खातो, पेपर वाचतो आणि फुंकरीने पाटी पुसतो. बक्षिसाचं घड्याळ कात्रपच्या भिंतीवर रोज दहा मिनिटं मागे पडत राहिलं, आणि चिंतामणी रोज स्टुलावर चढून ते पुढे करत राहिला.

आठ वर्षं अशी गेली. १९९४ च्या उन्हाळ्यात लॅबोरेटरीत गुरुदत्त नावाचा नवा तरुण ऑफिसर आला. चिंतामणीने त्याला सगळा कारखाना दाखवला आणि शेवटी, देवळाचा गाभारा राखून ठेवावा तसा राखून ठेवलेला पंप दाखवला. गुरुदत्तने पाटी वाचली.

"अरे वा, पेरिस्टाल्टिक पंप," तो म्हणाला. "आपल्या लॅबमध्ये छोटे घ्यायचेच आहेत. कोणत्या कंपनीचा? कर्णिक ही कंपनी नाही ऐकली."

चिंतामणीचा चेहरा बघून त्याला काय ते उमजलं असावं. तो बिचारा ओशाळला. पण दुसऱ्या दिवशी त्याने एक गुळगुळीत कागदाचा कॅटलॉग आणून टेबलावर ठेवला. त्यात कर्णिक पंप होता. दोन रोलरचा होता, तीनचा होता, सहाचा होता. नखाएवढा होता आणि बैलगाडीच्या चाकाएवढा होता. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीपासून माणसं असे पंप करत आली आहेत, गुरुदत्तने सांगितलं. शहराच्या पाण्यात औषधाचा नेमका थेंब सोडायला हा पंप, मैला आणि सिमेंटचा चिखल ओढायला हा, सलाइन मोजून सोडायला हाच. किडनी गेलेल्या माणसाचं रक्त डायलिसिसच्या मशीनमधून फिरवतो तोही हाच, कारण रक्ताला नळीशिवाय कशाचाच स्पर्श होत नाही. रक्त पंपाला शिवत नाही, पंप रक्ताला शिवत नाही. पेशंट बदलला की नळी बदलायची, की पंप पुन्हा सोवळा.

"आणि नाव पेरिस्टालसिसवरून पडलंय," गुरुदत्त म्हणाला. "आपण घास गिळतो ना, तेव्हा अन्ननलिका अशीच मागून आकसत येते आणि घास पुढे ढकलते. आतडीही तेच करतात."

"म्हणजे काखेत कळसा," चिंतामणी म्हणाला. "हा पंप मी जन्मल्यापासून गळ्यात घेऊन फिरतोय."

त्या संध्याकाळी तो घरी आला तो मात्र चक्क खुशीत. एखाद्याने मंगळसूत्र चोरावं, आठ वर्षं धाकात काढावीत आणि मग सराफाने सांगावं की हे पितळेचं आहे, तशी त्याची सुटका झाली होती. चहा पिता पिता त्याने पहिल्यांदाच कुंदाला सगळं सांगितलं: पदूची टाच, माईकवरचं खोटं, केबिनमधला कागद, आणि आजचा कॅटलॉग. "म्हणजे बघ," तो म्हणाला, "पंप माझा नाही तसा पदूचाही नाही. मग मी चोरलं काय? काहीच नाही!"

कुंदा भाजी निवडत होती. "पंप कोणाचा ते राहू द्या," ती म्हणाली. "नोकरी कोणाची होती?"

चिंतामणीने तोंडातला चहा गिळला. अन्ननलिकेने तो व्यवस्थित पुढे ढकलला, गुरुदत्तने सांगितल्याप्रमाणे.

भाद्रपदातल्या एका रविवारी तो स्कूटर काढून बारवीच्या रस्त्याला लागला. धरणाच्या पुढे स्कूटर एका टपरीपाशी ठेवली आणि भाताच्या बांधांवरून, दोनदा चिखलात बसकण मारून, पाड्यावर पोचला. पदू घराच्या ओसरीवर वेताची टोपली विणत होता. केस पांढरे झाले होते. चंद्रीने खाट टाकली, काळा चहा आणला आणि दाराशी उभी राहिली.

चिंतामणीने सुरुवात केली. पंप, घड्याळ, पाटी. पदू टोपली विणता विणता ऐकत होता. "त्यात काय सायेब," तो म्हणाला, "नळीवर पाय तर ठेवलता." ही एवढी मोठी चोरी, पण ज्याचं चोरीला गेलं त्याला त्याची खबरच नव्हती. चिंतामणीला वाटलं, आता पुढचं सांगावं: बबनचं नाव मी लिहिलं, तुझं लिहायचं टाळून लिहिलं, आणि का लिहिलं. तोंड उघडलंही. पण चंद्री दाराशी उभी होती आणि त्याच्याचकडे बघत होती. "यंदा खंडेनवमीला या दोघं," असं काहीतरी तो बोलला आणि उठला. घरी येऊन कुंदाला म्हणाला, "अर्धंच बोललो, अर्धं गिळलं."

"मग उरलेलं सगळ्यांसमोर काढा," कुंदा म्हणाली. "खोटं बोललात ते माईकवर बोललात ना?"

खंडेनवमीला पदू आणि चंद्री खरंच आली. पदूने पांढरा सदरा घातला होता, चंद्रीने हिरवं लुगडं. चिंतामणीने सकाळीच पाटीचे चार स्क्रू काढले होते. पंपावर नुसती चार भोकं उरली होती. पूजा झाली, नारळ फुटला, आणि चिंतामणीने शरदचंद्रांकडून माईक मागून घेतला. "दोन मिनिटं घेतो," तो म्हणाला, आणि सगळं बोलला. नळीवर टाच कोणी ठेवली ते बोलला. एकामागे एक दोघांनी चालायचं कोणी सुचवलं ते बोलला. तेल लावू नका कोणी सांगितलं तेही बोलला. आणि मग, "परमनंट जागा पदूची होती. साहेबांनी नाव मागितलं, ते मी पदूचं दिलं नाही. तो खरं बोलेल अशी मला भीती वाटली. त्याचा यात काही दोष नव्हता," हे बोलला.

आभाळ कोसळेल असं त्याला वाटलं होतं. मागच्या रांगेतल्या कुणीतरी विचारलं, "पेढे वाटायला घ्यायचे का?" निम्मे कामगार नवे होते, त्यांना पदू कोण हे ठाऊक नव्हतं आणि १९८६ सालच्या नोकरीशी त्यांना काय घेणं. बबन मान खाली घालून चपलेने जमीन उकरत होता. शरदचंद्रांनी चिंतामणीकडे बराच वेळ बघितलं. "इतक्या वर्षांनी?" एवढंच ते म्हणाले आणि प्रसादाच्या ताटाकडे वळले. कामगारांची परमनंट भरती पाच वर्षांपासून बंद होती, त्यामुळे पुढे बोलण्यासारखं कोणापाशी काही नव्हतंच.

गर्दी पेढ्यांकडे गेली. पंपापाशी चिंतामणी आणि पदू दोघेच राहिले. पदूने वाकून नळीवरून बोट फिरवलं आणि बोट नाकाशी नेऊन हुंगलं.

"तेल नाय," तो म्हणाला.

"नाही," चिंतामणी म्हणाला. "साबणाचं पाणी. तू सांगितलंस तेच."

रोलर नळी दाबत फिरत होते. मग पदू म्हणाला, "सायेब, मी आठ वरसं इचार करत व्हतो. बबनला घेतला न् मना नाय घेतला, त माझा काय चुकला आसंल? कामाला कवा उशीर झाला? का तुमाला उलटा बोललो, तेलाचा सांगतला तवा? रोज येक आठवायचो. चंद्रीनं देवाला नवससुदिक बोललाय. म्हंजे..." तो थांबला. "म्हंजे माझा काय नव्हता चुकला."

"नाही पदू," चिंतामणी म्हणाला. "तुझं काहीच चुकलं नव्हतं."

पदूने मान हलवली. चंद्री पेढ्यांच्या रांगेत उभी होती. पदूने तिला तिथूनच हाक मारली, ती पदर सावरत आली, आणि पदूने तिला तेच पुन्हा सांगितलं, की माझा काय नव्हता चुकला, सायेब म्हनतात.